समोरच्या बिल्डिंगचा गाळ

कळवण्यास अत्यंत दुःख होते की उमेळ्यातील आमच्या बिल्डिंगखालच्या टाकीतले असंख्य रहिवासी गेल्या दिवाळीआधी मरण पावले. मारेकरी आम्हीच. साफसफाईच्या उत्साहात सगळ्या मजल्यांनी एकाच आठवड्यात संडासांत ॲसिड ओतलं आणि सांडपाणी खाऊन स्वच्छ करणारे जंतू संपले.

वास आम्ही सोसला असता. पण तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या बायची केळी होती. तिची वाडी बिल्डरला गेली तेव्हा तिने कंपाउंडच्या कडेला केळीचे चार मुनवे, म्हणजे कोंब, लावून घेतले होते. टँकरचं पाणी झाडांना द्यायला सोसायटीत बंदी, त्यामुळे केळी जगायची ती टाकीतून निघणाऱ्या पाण्यावर. आता ते घाण पाणी बंद करावं लागलं आणि पानं कडेने करपू लागली. बाय रोज विचारायची, पाणी कधी?

मला मात्र त्या जंतूंचं वेडच लागलं. मिळेल ते वाचलं. सुरुवातीच्या काळात म्हणे सांडपाण्यात हवा सोडून आठवडेच्या आठवडे वाट बघत. मग कुणीतरी तळाचा गाळ फेकून न देता नव्या पाण्यात मिसळला, आणि तेच काम काही तासांत झालं. म्हणजे चक्क विरजण! आमच्या टाकीच्या ऑपरेटरचंही तेच म्हणणं पडलं: चालू टाकीतला गाळ आणा आणि हवा बंद पडू देऊ नका.

चालू टाकी होती समोरच्या बिल्डिंगकडे. पार्किंगवरून त्यांच्याशी आमचं बोलणं बंद होतं. तरी मी गेलो. त्यांच्या सेक्रेटरींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्हाला स्वतःची घाण पुरत नाही?"

"घाण भरपूर आहे हो. खाणारे नाहीत."

ते हसले, तिथेच गाळाची पिंपं मिळाली.

गाळ आमच्या टाकीत ओतला. मग मी रोज झाकण उघडून नाक आत. बायकोने माझं ताट वेगळं मांडलं. पांढरा फेस हळूहळू तपकिरी झाला, आणि एका सकाळी चक्क ओल्या मातीचा वास आला.

पाणी केळींकडे सोडलं त्या दिवशी समोरचे सेक्रेटरीही आले. आमच्या चेअरमननी भाषणासाठी घसा खाकरला. तेवढ्यात बायने ओंजळीत पाणी घेऊन हुंगलं आणि सगळ्यांदेखत बोलून गेली, "पहिला घड समोरच्यांना देईन मी. त्यांच्याच घाणीवर तर पोसणार आहे."