संदेशचा कॅमेरा

राइडचे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. ते मेमरी कार्डात साचतात. कार्ड भरलं की आपण आधी सूर्यास्त डिलीट करतो आणि शिव्या ठेवतो. मानपाड्याचे आम्ही तिघे, मी, तेजस आणि संदेश. तीन बाईक, संदेशच्या हेल्मेटवर एक कॅमेरा आणि नेटवर टाकलेले आमच्या राइडचे भाग. आमचंही असंच साचलं.

*

शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये संदेश हेल्मेटमधून मोठ्याने बोलत होता, "मित्रांनो, अजून किती वेळ लागेल, काय वाटतं?"

शेजारच्या स्कूटरवरचे गृहस्थ वळून म्हणाले, "मी निघालेलो तेव्हा केस काळे होते."

*

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी माझ्या पप्पांना लिफ्टपाशी गाठलं. "मुलीने असं तोंड दाखवत फिरायचं?"

मी तिथेच होते. म्हटलं, "काका, हेल्मेटमध्ये तोंड दिसतं कुठे?"

ते म्हणाले, "मग बघायचं काय त्यात?"

सगळे भाग बघून झाले होते त्यांचे.

*

पावसाळ्यात, ऑफिसला जाताना, घोडबंदर रोडवर पाण्याखालचा खड्डा संदेशला दिसला नाही. तो पडला आणि मागून डंपर आला.

दहाव्याला त्याचे मामा येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "व्हिडिओच्या नादात गेला पोरगा."

तेजस म्हणाला, "मामा, कॅमेरा घरी चार्जिंगला होता."

"मग लक्ष घरी असणार."

मी उठून बाहेर गेले. बसले असते, तर तिथे बोलू नये ते बोलले असते.

*

पोलिसांच्या कागदात 'भरधाव' असं लिहिलं होतं. त्या वेळी त्या रस्त्यावर सायकलसुद्धा पुढे काढता येत नाही. संदेशचे बाबा वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतात. काकांना तेवढा एक शब्द खोडून हवा होता.

चौकीत सांगितलं, "खड्ड्याचा पुरावा आणा."

आम्ही गेलो, तर खड्डा बुजवलेला. वर ताजं डांबर चमकत होतं. पालिकेतले साहेब म्हणाले, "बघा, खड्डा नाहीच."

तेजस म्हणाला, "साहेब, दुरुस्तीसाठी दर वेळी आम्ही एक माणूस द्यायचा का?"

साहेबांनी त्याला चहा विचारला.

*

पुढच्या पावसात डांबर वाहून गेलं आणि खड्डा उघडा पडला. काकांनी मला फोन केला. "मी जाऊन शूट करतो. बटण कुठलं, तेवढं सांग."

"मी येते ना, काका."

"नको, तुला ऑफिस आहे."

ज्या कॅमेऱ्यावरून बापलेकांची रोज भांडणं व्हायची, तो त्यांनी स्वतःच स्कूटरच्या हँडलला बसवला आणि एकटेच गेले.

संध्याकाळी त्यांच्या घरी लॅपटॉपवर लावलं. कॅमेरा उलटा बसला होता. समोरचा रस्ता कुठेच नाही. घोडबंदरपर्यंत फक्त काकांचा चेहरा. तेजसने माझ्याकडे पाहिलं. आता यांना कोणी सांगायचं?

काका म्हणाले, "थांबा, खड्डा पुढे येतो."

पुढे, स्क्रीनवरच्या काकांनी स्कूटर हळू केली. डावा हात हँडलवरून काढून मागे नेला, मागची सीट चाचपली आणि म्हणाले, "धरून बस रे."