ह्यांचं रक्त कुणी तपासलंच नाही

मंडळी, आज मला शेजाऱ्यांचा हेवा वाटला, तोही भलत्याच गोष्टीचा.

मागच्या आठवड्यात शर्माजींच्या गाडीखाली एक माणूस गेला. पोलिसांनी लगेच त्यांचं रक्त तपासायला पाठवलं. आज रिपोर्ट आला, दारू नव्हती. जिन्यात बायका हळहळल्या, "बेचारे शर्माजी!"

गेल्या वर्षी इथल्याच गोपालपुरा भागात ह्यांच्याही गाडीच्या धडकेत एक जण गेला. हे दारूला शिवत नाहीत, पण तपासणी झालीच नाही. याच बायका अजून कुजबुजतात, "पी रखी होगी."

मी नुसती जळत होते. हे मात्र शर्माजींना भेटून आले आणि हळूच म्हणाले, "आता माझं रक्त दिलं तर काही कळेल का गं?"

ही तपासणी सक्तीची का नाही? आणि ह्यांना मी काय उत्तर देऊ?