अर्ध्या तासाची नोंद

सरकारी दवाखान्यांतल्या सुईणींना नोंदवही लिहायला शिकवणं, हे माझं काम होतं. साठ साल नुकतंच उलटलं होतं, आमचा देवगड तालुका तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता. मुंबईला नर्सिंग शिकून मी परत आले होते. वय सत्तावीस, आणि नोकरीत अजून कायम झाले नव्हते.

शाळेच्या एका रिकाम्या वर्गात पोरांच्या बाकांवर सहाजणी अंग चोरून बसायच्या. बाळंतपणात त्यांचा हात माझ्यापेक्षा तयार होता, पण वही म्हटली की त्यांना घाम फुटायचा. आठवड्याभराच्या बाळंतपणांची आठवून आठवून एकदम नोंद करायची, सगळीकडे एकच वेळ टाकायची, चुकलं की ओल्या बोटानं पुसायचं. मी फळ्यावर लिहून दिलं होतं. जे झालं ते त्याच दिवशी लिहा. घड्याळ बघून वेळ टाका. चुकलं तर एक रेघ मारा, पुसू नका. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा, ऐकीव नको.

त्यांच्यातली एक चाळिशीची होती. विधवा. तळेऱ्याच्या वरच्या अंगाला तिचं माहेर. देवगडजवळ खाडीकाठच्या एका गावात तिची नेमणूक होती. नवऱ्याचं मनगटी घड्याळ ती वापरायची. पट्टा सैल म्हणून दोऱ्यानं आवळून बांधलेलं. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "बाई, माझ्या हातान चूक झाली तर ती पण लिवची?"

"ती आधी लिहायची," मी म्हटलं.

बाकीच्या हसल्या. ती हसली नाही. मान हलवून तिनं ते पाटीवर उतरवून घेतल्यासारखं तोंड केलं.

पुढची दोन वर्षं मी दर महिन्याला तिची वही तपासली. अक्षर वेडंवाकडं, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही, पण तशी वही तालुक्यात दुसरी नव्हती. 'निरोप आला. होडीसाटी थांबले. वीस मिंटं.' 'नाळ कापायची कातर उकळायला विसरले. मग उकळली.' मी ती वही इतर जणींना दाखवायला वर्गात घेऊन जायची. तिचं कौतुक करताना माझंही कौतुक होतंय असं मला वाटायचं.

तिसऱ्या वर्षी, चैत्र सरताना, तिच्या गावात एक पहिलटकरीण गेली. मुलगी वाचली, आई गेली.

मी वही बघितली तेव्हा त्या दिवसाचं पान पूर्ण भरलेलं होतं. आदल्या दिवशीपासून ती पलीकडच्या वाडीत दुसऱ्या बाळंतपणाला होती, सकाळी सातला घरी आली. आठला या बाईच्या दिराचा निरोप आला. पुढे लिहिलं होतं: 'अंग टाकले. अर्धा तास. मग निगाले.' होडीनं खाडी ओलांडून दहाला पोचली. अकराला मुलगी झाली. रक्त थांबेना. सव्वाअकराला तिनं दिराच्या हाती डॉक्टरसाहेबांना चिठ्ठी पाठवली. देवगडचा दवाखाना पाऊण तासाच्या वाटेवर. 'एक वाजता दीर एकटाच आला. सायेब जेवून येतो म्हणाले. आले नाहीत. अडीचला बाई गेली.'

अर्ध्या तासानं काही बिघडलं नव्हतं. मूल व्हायच्या आधी तासभर ती तिथं पोचली होती. गरज होती ती सव्वाअकरानंतर, रक्त थांबवायच्या सुईची आणि डॉक्टरची. हे कुठल्याही नर्सला कळलं असतं.

चौकशीला जिल्ह्याहून एक साहेब आले. देवगडच्या दवाखान्यातच खुर्च्या मांडल्या होत्या. आमचे डॉक्टर साहेबांच्या शेजारी बसले होते. त्यांच्या रजिस्टरात चिठ्ठीची नोंदच नव्हती. माझ्याकडे कुणी आलंच नाही, असं ते शांतपणे म्हणाले. सुईण दाराशी उभी होती, तिला कुणी बस म्हटलं नाही.

साहेबांनी मला विचारलं, "या बाईंना तुम्ही शिकवलंत?"

"हो."

"हिची वही खरी मानायची?"

"अक्षर न् अक्षर," मी म्हटलं. मला वाटलं, मी तिची बाजू घेतेय.

"म्हणजे निरोप मिळाल्यावर ती अर्धा तास झोपली, हे खरं."

मी रात्रभरच्या जागरणाचं सांगू लागले. त्यांनी हात वर केला. "आणि डॉक्टर जेवून येतो म्हणाले, हे हिनं स्वतः ऐकलं?"

"नाही. दिरानं येऊन सांगितलं."

"ऐकीव लिहायचं नाही, असं तुम्हीच शिकवता ना?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

मग त्यांनी दिराची चौकशी केली. तो केव्हाच मुंबईला गेला, असं दवाखान्याच्या कारकुनानं सांगितलं. तो गेला नव्हता. वही बघायला गेले तेव्हा तो मला गावात भेटला होता, म्हणून ओळखीचा. त्याच सकाळी मी त्याला बंदरावर पाहिलं होतं, होडीत आंब्याच्या पेट्या चढवताना. त्यानंही मला पाहिलं, मान हलवली. दवाखान्यातून बंदर दहा मिनिटांवर. शिपाई धाडला असता तर चहा निवायच्या आत तो समोर उभा राहिला असता.

माझ्या कायम होण्याचा कागद डॉक्टरांच्या टेबलावर होता. त्यांचा शेरा पडायचा होता. साहेबांनी वही मिटली, मी गप्प राहिले. फार तर अर्ध्या मिनिटाची गोष्ट असेल. सुईणीनं दारातून माझ्याकडे बघितलं, मी टेबलावरच्या दौतीकडे बघत होते.

तिला कामावरून काढलं. मृगाच्या आधी मी कायम झाले.

पुढच्या वर्गाला त्याच बायका आल्या, तिच्या जागी एक नवी. फळ्यावर मी तेच लिहिलं. कुणी काही विचारलं नाही. पण वह्या बदलल्या. आता प्रत्येक पानावर 'निरोप मिळताच निघाले', 'वेळेवर पोचले'. खाडीला भरती असो, ओहोटी असो, सगळ्या वेळेवर. खाडाखोड एकही नाही. वरच्या साहेबांनी त्या वह्यांचं कौतुक केलं. मी महिन्याच्या महिन्याला त्यांवर सही करत गेले.

चार वर्षांनी माझी बदली झाली. जाण्यापूर्वी मी तळेऱ्याला उतरून, वाट विचारत तिच्या माहेरी गेले. ती खळ्यात काजू वाळत घालत होती. पाणी दिलं, गूळ दिला. गावातल्या बाळंतिणींकडे अजून जाते म्हणाली. वही नव्हती, कुणी मागतही नव्हतं.

मी तिला सांगून टाकलं, त्या दिवशी मी दिराला बंदरावर पाहिलं होतं ते.

तिचे हात काजूंवर फिरतच राहिले. "माका म्हायत आसा," ती म्हणाली. "तो माका दुसऱ्याच दिवशी बोललो. बाईंनी माका बघल्यानी, म्हणालो."

"मग तुम्ही तेव्हा साहेबांना का नाही सांगितलंत, तो इथंच आहे म्हणून?"

"तेव्हा खंय म्हायत होतां? दुसऱ्या दिवशी कळलां." ती थांबली. "मगे मी वाट बघलंय. बाई जातीत सायबाकडे, बोलतीत, म्हणान. पावस येयसर वाट बघलंय."

पाऊस येईपर्यंत. तोवर मी कायम झाले होते. तिनं रागावून काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. शेजारच्या घरून एक बाई तिला बोलवायला आली. सुनेच्या पोटात कळा सुरू झाल्या होत्या. ती उठली, हात धुतले, पदर खोचला. "बसा तुमी, गाडयेक उशीर आसा," म्हणाली आणि कुंपणाचं बेडं, ते बांबूचं फाटक, सारून पलीकडे गेली.

तिचे उरलेले काजू मी खळ्यात पसरून ठेवले. मग एकटीच रस्त्याला लागले.