बंद खटक्याचा पट्टा

त्या प्रकरणाची फाइल बंद होऊन कितीतरी वर्षं झाली. तरी ते मला आजही आठवतं, आणि आठवतं ते हिरव्या रंगात, पाण्याच्या तळाशी उन्हाचा जो रंग उरतो त्या रंगात.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी साउथहॅम्प्टनच्या एका ठाण्यात डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. बारा वर्षांचा असताना वडिलांबरोबर पुण्याहून इकडे आलो आणि पुढे पोलिसांत भरती झालो. ठाण्यात मराठी बोलणारा मी एकटाच. नोकरीची चौदा वर्षं झाली होती, पण तपासात मराठीची गरज कधी पडली नव्हती.

सोमवारी सकाळी पाळी बदलताना डेस्कवरच्या कॉन्स्टेबलने मला हाक मारली. वॉटफर्डहून एका बाईंचा फोन होता आणि त्या माझ्याशिवाय कोणाशीही बोलायला तयार नव्हत्या. आदल्या वर्षीच्या गणपतीच्या कार्यक्रमात कोणीतरी त्यांना माझ्याबद्दल सांगितलं होतं.

"शनिवारी खाणीत माझी मुलगी गेली, ते तुमच्याच हद्दीत ना?" त्यांनी विचारलं.

मला माहीत होतं. शहराबाहेर दगडाची एक जुनी खाण पाण्याने भरलेली आहे. सुट्टीच्या दिवशी हौशी पाणबुडे तिथे सरावाला येतात. शनिवारी दुपारी एक तरुणी तिथे मरण पावली होती आणि नोंद अपघाताची झाली होती.

"तो अपघात नव्हता," बाई म्हणाल्या. आवाज अगदी संथ होता. "तिच्या नवऱ्याने मारलं तिला."

"काकू, हे तुम्ही कशावरून म्हणता?"

"शुक्रवारी तिचा फोन आला होता. म्हणाली, 'आई, तो माझा बेल्ट काढून घेणार म्हणतो. मी देणार नाही.' आणि शनिवारी पोर बेल्टशिवाय वर आली. आता यावर मी काय समजायचं, तुम्हीच सांगा."

पाणबुड्याचा जाड रबरी पोशाख माणसाला तरंगत ठेवतो. म्हणून खाली उतरायला कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा बांधतात. खोल पाण्यात तो सुटला तर माणूस बुचासारखा वर फेकला जातो. शवविच्छेदनाचा अहवाल तेच सांगत होता. झपाट्याने वर येताना फुफ्फुसांतली हवा फुगली आणि रक्तात शिरली. वर आली तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. नवरा मिनिटाभराने वर आला.

मी माहितीची नोंद केली आणि इन्स्पेक्टरच्या कानावर घातली. त्याच दिवशी आम्ही त्या वेळी खाणीत असलेल्या दुसऱ्या पाणबुड्याचा जबाब घेतला. तो म्हणाला, "पाणी गढूळ होतं. पण त्याचा हात तिच्या कमरेशी होता, हे मी पाहिलं. नंतर ती वर गेली."

मंगळवारी नवऱ्याला ठाण्यात आणलं. इंग्रज माणूस, तिशीतला, बंदरातल्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन. शेजारी त्याचा वकील. मी टेपरेकॉर्डर सुरू केला, त्याला त्याचे हक्क सांगितले आणि विचारायला लागलो. त्याची दाढी वाढलेली, शर्टाची बटणं चुकीच्या काजांत. तो माझ्याकडे बघत होता, पण मी त्याला दिसत असेन असं वाटत नव्हतं.

"तुमचा हात तिच्या कमरेकडे गेला होता?"

"हो."

"पट्ट्याला लागला?"

"हो."

"कशासाठी?"

खोलीत टेप फिरल्याचा बारीक आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "माझ्यामुळे गेली ती. फक्त माझ्यामुळे."

वकिलाने त्याच्या दंडावर हात ठेवला. मी टेपरेकॉर्डर बंद केला.

बाहेर आल्यावर इन्स्पेक्टर म्हणाला, "कबुलीच आहे ही." मलाही तसंच वाटलं. फोन होता, साक्षीदार होता, आणि आता हेही. पण पट्टा सापडला नव्हता. त्याला जामिनावर सोडून आम्ही पोलिसांच्या पाणबुड्यांच्या पथकाला खाणीत उतरवलं.

बाईंनी जावयाला अंत्यसंस्काराला येऊ दिलं नाही, हे मला नंतर कळलं. तो स्मशानगृहाच्या फाटकाबाहेर रस्त्याच्या पलीकडे उभा होता. आत येण्याचा प्रयत्नही त्याने केला नाही. तेव्हा मला ती त्याच्या अपराधाची खूण वाटली.

पट्टा पाचव्या दिवशी मिळाला. पथकाचा सार्जंट पन्नाशीचा, सडपातळ, कमी बोलणारा वेल्श माणूस होता. त्याने पुराव्याची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. निळा नायलॉनचा पट्टा, त्याला ओवलेली शिशाची वजनं. "बकलाचा खटका बघ," तो म्हणाला.

खटका बंद होता. पट्ट्याचं कडं जसंच्या तसं होतं. खाणीच्या तळाशी त्याच्यापासून हातभर अंतरावर तिच्या एका पायाचं फिन, म्हणजे पाण्यात पाय मारायचं रबरी वल्हं, पडलेलं मिळालं होतं.

"तळाला आपटून बंद झाला असेल," इन्स्पेक्टर म्हणाला.

"हा आपटून बंद होत नाही. पट्टा ताणून, अंगठ्याने दाबून बंद करावा लागतो. हा कोणी उघडलेलाच नाही."

"मग निघाला कसा?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "सांगून पटायचं नाही. पोहता येतं का?"

तीन आठवडे मी ड्यूटी संपल्यावर पोहण्याच्या तलावात त्याच्याकडे पाण्याखाली उतरायला शिकलो. सप्टेंबरमधल्या एका दुपारी आम्ही दोघं खाणीवर गेलो. त्याच बनावटीचा निळा पट्टा त्याने माझ्या कमरेला बांधला आणि असा आवळला की आत बोटही शिरेना. मग आम्ही उतरलो.

डोकं पाण्याखाली गेलं आणि सगळे आवाज वर राहिले. उरला तो माझाच श्वास. ऊन आधी पिवळं होतं, मग हिरवं झालं, मग नुसता उजेड राहिला. तळाशी खाणीचा जुना रस्ता होता, गाड्यांच्या चाकोऱ्यांसकट. राखणदाराची एक खोलीही होती. तिच्या खिडकीतून लहान मासे आत शिरून दारातून बाहेर येत होते. कोणी घर सोडून गेलं असावं आणि त्यात माशांनी संसार मांडावा, तसं. मी तपासाला आलोय हे विसरलो. वेळ ताणला गेला होता. भीती वाटत नव्हती, उलट झोप लागायच्या आधी वाटतं तसं काहीतरी अंगावर पसरलं होतं. तिलाही असंच वाटलं असेल, हा विचार तेव्हा मनात आला. या जागेत कोणाला आपल्या कमरेची आठवण राहील?

बारा मीटरवर सार्जंटने माझा हात धरला आणि माझ्याच कमरेशी नेला. मघाशी जिथे बोट शिरत नव्हतं तिथे अख्खा तळवा शिरला. पाण्याच्या दाबाने माझा पोशाख चेपून पातळ झाला होता आणि पट्टा होता तेवढाच राहिला होता. मी दोन-तीनदा पाय मारले. पट्टा नितंबांवरून घसरला. मी दचकून पाय झाडले, तसा तो मांड्यांवर आला. तेल लावलेल्या हातातून बांगडी उतरावी, इतकं सोपं होतं ते. शरीर हलकं होऊन वर ओढलं जायला लागलं.

त्याच क्षणी सार्जंटने झेप घेतली आणि एका हाताने पट्टा, दुसऱ्याने मला धरलं.

त्या हिरव्या उजेडात मी त्याचा हात पाहिला. दहा पावलांवरून पाहणाऱ्याने शपथेवर सांगितलं असतं की हा माणूस दुसऱ्याचा पट्टा सोडतोय.

काठावर बसून त्याने थर्मासमधला चहा ओतला. म्हणाला, "पट्टा कसा हवा माहीत आहे? आपणहून निघू नये आणि आपण काढायला गेलो तर एका हाताने निघावा. नवखे लोक दुसऱ्या गोष्टीचा विचार करतात, पहिलीचा करत नाहीत. जुने लोक रबराचा पट्टा वापरतात. वर ताणून बांधायचा. खाली पोशाख आक्रसला की तोही आक्रसतो. नायलॉनचा वापरायचा असेल तर तळाला गेल्यावर पुन्हा आवळायचा."

दुसऱ्या दिवशी मी वकिलाला कळवून नवऱ्याच्या घरी गेलो. आत जाऊन बसलो आणि एकच प्रश्न विचारला. "तिने कोणता पट्टा बांधावा असं तुम्हाला वाटत होतं?"

तो उठला, गॅरेजमध्ये गेला आणि काळ्या रबराचा पट्टा घेऊन आला.

"हा. माझा जुना. पण याने तिचं पोट आवळायचं. निळा तिने स्वतः आणला होता. शुक्रवारी आमची वादावादी झाली. मी म्हणालो, तो निळा मी तुझ्याकडून काढून घेईन. शनिवारी सकाळी ती तोच बांधून हसत उभी राहिली." त्याने पट्टा टेबलावर ठेवला. "मी हट्ट सोडला. माझ्या हाताने आवळून दिला. तळाला गेल्यावर पुन्हा आवळायचा होता. तेवढ्यात एक मोठा मासा दिसला. मी त्याच्याकडे बघत राहिलो. वळलो तेव्हा पट्टा तिच्या गुडघ्यांवर होता. माझ्या हातात आला होता तो. मग तिच्या एका पायाचं फिन ओढून घेत निसटला."

त्याची परवानगी घेऊन मी तो काळा पट्टा वॉटफर्डला नेला. बाईंचं घर नीटनेटकं होतं. मुलीच्या फोटोला हार होता. मी विचारलं, "काकू, तिचं मराठी कसं होतं?"

"घरात बोलण्यापुरतं. इथेच जन्मली ना. विचार इंग्रजीत करायची आणि मला बरं वाटावं म्हणून मराठीत बोलायची."

मी पट्टा त्यांच्या हातात दिला. काढून घेणार म्हणजे काय करणार होता, ते सांगितलं. निळा काढून हा बांधायला लावणार होता. त्यांनी तो ताणून पाहिला, सोडला, परत ताणला.

"हा बांधला असता तर?"

खोटं बोलणं सोपं होतं. "हा बहुतेक घसरला नसता," मी म्हणालो.

त्यांनी पट्टा मांडीवर ठेवला. "तिलाही कोणाचं ऐकायची सवय नव्हती," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्यासारखीच." बराच वेळ त्या त्यावर हात फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "आणि मी त्याला फाटकाबाहेर उभं केलं."

कॉरोनर म्हणजे अशा मृत्यूंची कारणं ठरवणारा अधिकारी; त्याच्या चौकशीत मृत्यू अपघाती ठरला. बाहेर व्हरांड्यात तो भिंतीशी उभा होता. बाई माझ्याजवळ आल्या. त्यांना इंग्रजी छान येत होतं, पण त्या मराठीतच बोलल्या. "त्याला सांगा, अस्थी अजून माझ्या घरी आहेत. तो आल्याशिवाय सोडणार नाही."

मी सांगितलं. तो पुढे आला, त्यांच्यासमोर उभा राहिला आणि त्याला येत असलेला एकच मराठी शब्द म्हणाला, "आई." बाईंनी त्याचा हात धरला आणि दोघं पायऱ्या उतरून गेले.

निवृत्त होईपर्यंत मी पुष्कळ कबुल्या ऐकल्या. अनुभवाने एवढं कळलं, की खरा गुन्हेगार आपल्या कृत्याबद्दल शक्य तितकं कमी बोलतो. सगळा दोष एका वाक्यात आपल्या अंगावर ओढून घेतो तो बहुतेक वेळा ज्याचं माणूस गेलंय तो. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या डिटेक्टिव्हला मी एकच सांगत आलो. समोरचा म्हणाला "माझ्यामुळे झालं," की लेखणी खाली ठेवायची आणि विचारायचं, "तुम्ही नेमकं काय केलंत?" मग तो कितीही वेळ गप्प राहिला तरी आपण मध्ये बोलायचं नाही. त्या मंगळवारी मी हे विचारलं असतं आणि थांबलो असतो, तर त्या माणसाला बायकोचा निरोप रस्त्याच्या पलीकडून घ्यावा लागला नसता.