रास्मिनीचं सेलेदेत

गलुंगानच्या सणाला दारात उभारायचा उंच बांबू निसटला आणि रास्मिनीच्या नाकाडोळ्यावर बसला. सूज उतरली, पण उजवा डोळा काही केल्या उजवीकडे जाईना. रास्मिनी नाच शिकवणारी, आणि बालीच्या नाचात डोळ्यांचं सेलेदेत नाही म्हणजे जेवणात मीठ नाही. घंटेच्या ठोक्याला दोन्ही बुबुळं झटकन कोपऱ्यात गेली पाहिजेत. तिचा डावा जाई, उजवा अर्ध्या वाटेत ठिय्या देई.

"नस मेली," असं गावाने परस्पर ठरवून टाकलं. गावाला काय, डॉक्टरकी फुकट येते! देवळाच्या उत्सवात यंदा दुसरी कुणीतरी नाचणार, हे ऐकून रास्मिनी मात्र आतून तुटली.

शेवटी नवऱ्याने, ढोल वाजवणाऱ्या रूजाने, तिला देनपसार शहरातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर सुतारीबाईंनी बोट फिरवून पाहिलं आणि मग म्हणाल्या, "रास्मिनी इबू, एक सेलेदेत करा बघू."

"इथे? ठेक्याशिवाय?"

"अगं, मी आहे ना!" रूजा म्हणाला, आणि त्याने दवाखान्यातच तोंडाने ढोल सुरू केला. बाहेरचे रोगी दारात गोळा झाले.

"ब्ली, अहो, हळू! लाज आणाल," रास्मिनी पुटपुटली, पण ठोक्याला डोळे फिरवलेच.

"पुन्हा!" सुतारीबाई पुढे सरकल्या. "नस मेली असती तर डोळा रेंगाळत गेला असता. हा तर वाऱ्यासारखा सुटतोय आणि दावणीच्या वासरासारखा मध्येच गचका खातोय. कुठेतरी अडकलाय."

खात्री करायला त्यांनी डोळा थेंबांनी बधिर केला आणि चिमट्याने धरून उजवीकडे ओढला. नुसती नस गेली असती, तर तो मुकाट्याने आला असता. हा हललाच नाही.

"नाही हलत!" सुतारीबाई आनंदाने ओरडल्या. "नाकाजवळचं हाड तडकलंय, त्या फटीत स्नायू सापडलाय. सोडवू आपण."

रास्मिनीसारखी, डोळा हलत नाही म्हणून हसत रडणारी बाई त्या दवाखान्याने प्रथमच पाहिली.

शस्त्रक्रिया झाली, स्नायू सुटला, आणि उत्सवाला रास्मिनी मुकुट घालून उभी राहिली. घंटा वाजली. दोन्ही डोळे एकदम, झटकन, पार कोपऱ्यात गेले! ते पाहून रूजाचे हात ढोलावरच थिजले. जन्मात त्याचा ताल चुकला नव्हता, तो चुकला. रास्मिनीने नाचता नाचता त्याच्याकडे दोन्ही डोळे वटारले.