उजव्या बाजूचा लाल उजेड

त्र्याऐंशी सालच्या मे महिन्यात, वाशीच्या आमच्या घरात, माझ्या आणि बायकोच्या देखत, माझ्या धाकट्या मेहुण्याने पासष्ट रुपये खर्चून स्वतःच्या डोक्यावर केस उगवायचं यंत्र बांधलं. त्याच्याइतका प्रामाणिक माणूस मी पाहिलेला नाही, आणि लग्नाच्या बाजारात इतका निरुपयोगीही. रबाळ्याच्या एका कारखान्यात तो विजेची पॅनेलं तपासायचा आणि घरी आला तरी तपासणी थांबत नसे. आंबेवाल्याला तो स्वतःच सांगे, "तुमच्या पेटीत वरचे चांगले आणि खालचे हिरवे आहेत," आणि मग तीच पेटी घेई. लग्नासाठी फोटो काढायला पाठवला, तर टक्कल नीट दिसावं म्हणून याने मान खाली घातली. "माल आहे तसा दाखवायचा, भाऊजी," असं वर मलाच सांगितलं. तो फोटो पाहून तीन स्थळं परत गेली. चेहऱ्यावर दाखवत नसला, तरी त्यानंतर तो लग्नाच्या जेवणांना जायचा बंद झाला.

अशात त्याच्या वाचनात आलं, की परदेशात कुणी उंदरांचे केस भादरून त्यांच्यावर मंद लाल प्रकाश टाकला आणि केस पुन्हा लवकर उगवले. झालं. बायकोची भाजी धुवायची चाळणी गेली. तिच्या भोकांत पॅनेलवरचे बारीक लाल दिवे बसले आणि संध्याकाळी अर्धा तास हा गृहस्थ ती डोक्यावर उपडी घालून खिडकीत बसू लागला. खिडकीतला लाल उजेड पाहून, ही फोटो धुवायची अंधारी खोलीच समजून, खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा फोटोचा रोल घेऊन आल्या. "घरीच धुता ना तुमी?" त्याने तासभर बसवून त्यांना उंदरांची गोष्ट सांगितली.

खरी गंमत पुढेच आहे. दिवे त्याने फक्त उजव्या अर्ध्या भागात बसवले होते.

"अरे, डाव्या बाजूने काय पाप केलंय?" बायकोने विचारलं.

"ताई, तुलनेला काहीतरी नको का? सगळीकडे लावलं, तर केस उजेडाने आले की तुझ्या माक्याच्या तेलाने, हे कळणार कसं?"

चार महिन्यांनी बायकोला उजवीकडे लव दिसू लागली. मला दिसत नव्हती. तो म्हणाला, "तुम्ही दोघं घरचे. तुमचं मत धरता येत नाही."

त्याच सुमारास पनवेलचं एक स्थळ आलं. मुलगी शाळेत शिक्षिका होती आणि तो फोटो पाहूनही घरच्यांनी बोलावलं होतं. बसमध्ये बायको सारखी बजावत होती, "चाळणीचं नाव काढू नकोस." पोहे झाले. मुलीच्या वडिलांनी प्रथेप्रमाणे सुचवलं, "काय विचारायचं असेल ते विचारा." मेहुण्याने घसा खाकरला.

"तुम्हाला यातलं काही माहीत नाही, म्हणून विचारतो. माझ्या डोक्यावर कोणत्या बाजूला केस जास्त वाटतात?"

बायकोने डोळे मिटले. मुलगी उठली, त्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि शांतपणे पाहून म्हणाली, "डाव्या."

"मग प्रयोग फसला," मेहुणा म्हणाला, आणि त्याने सगळ्यांसमोर उंदरांपासून चाळणीपर्यंत सारं सांगून टाकलं. मुलीची आई पदर तोंडाला लावून आत गेली. मुलगी मात्र नीट ऐकत होती.

"एकदाच बघून कसं ठरवणार?" ती म्हणाली. "महिन्याने परत बघायला हवं. एकाच माणसाने बघितलेलं बरं."

परतीच्या बसमध्ये हा खिडकीबाहेर बघत होता. "बरोबर आहे तिचं. एका निरीक्षणावर निकाल देता येत नाही."

"अरे बावळटा," बायको म्हणाली, "ती हो म्हणाली."



आता ते दोघं नेरुळला राहतात. दिवे कधीच काढून टाकलेत आणि डोक्याच्या दोन्ही बाजू सारख्याच चकचकीत झाल्यात. रविवारी गेलो, की पुष्कळदा ती त्याला खिडकीशी बसवून, डोकं उजेडाकडे वळवून तेल लावत असते.

"आहे का काही?" तो विचारतो.

"आहे थोडं," ती म्हणते.

आयुष्यभर दुसऱ्याचा शेरा स्वतः पडताळून पाहणारा हा माणूस तेव्हा डोळे मिटून घेतो. आरसा समोरच्या भिंतीवर असतो. तो उठत नाही.