बोट चाटून पारखलेली शाई

नव्या पेठेतल्या स्टेशनरीच्या दुकानात मी ब्रशपेन घेतला, टोपण काढलं, खिशातलं अर्धं ब्लेड काढलं आणि तिथंच काउंटरवर त्याचं टोक कापून टाकलं. दुकानदार असा बघत राहिला, जसं काही मी त्याच्या मांजराचं शेपूट कापलं.

"काका, अवो हे काय केलं?"

"नवा ब्रश हाय. टोक नको काढायला?"

"लोक त्या टोकासाठीच घेत्यात की तो."

"लोकांचं मला सांगू नका," म्हटलं आणि पेन खिशात घालून बाहेर पडलो.

मी चौथीत शाळा सोडली आणि सगळा जन्म सोलापूरच्या चादरीच्या कारखान्यात नक्षी काढली. नक्षी ग्राफच्या कागदावर निघते. त्यावर बारीक बारीक चौकोन असतात आणि कुठला चौकोन भरला त्यावरून मागावर कुठला धागा उचलायचा ते ठरतं. ब्रशचं टोक सपाट कापलेलं असलं तर एकदा टेकवला की एक चौकोन भरला. म्हणून नवा ब्रश आला की आधी ब्लेड, मग रंग. आता ते काम कॉम्प्युटरवर होतं. होऊ दे. मी काढलेले मोर अजून लोकांच्या अंगावर आहेत. त्यामुळं ब्रश कसा धरायचा हे मला दुकानात उभं राहून कुणी शिकवायची गरज नव्हती.

ब्रशपेन कशाला लागला ते सांगतो.

आमच्या मंडळींचे कान गेले. आधी एक गेला, मग तापानंतर दुसरा. मशीन आणलं, ते कानात शिट्टी मारायचं. आता ते सुपारीच्या डब्यात पडून आहे. डॉक्टर म्हणाले, लिहून दाखवत जा. हिला अक्षर येत नाही, लिहून काय दाखवणार? आणि कानामागोमाग हिचं बोलणंही बंद पडलं. एकेकाळी ही बोलायला लागली की शेजारचा माग सुरू आहे का बंद, ते कळायचं नाही. तीच बाई आता सकाळपासून दाराकडं तोंड करून बसायची. ताट पुढं आलं की जेवायची, उचललं की हात धुवायची. हिनं परत बोलावं, एवढंच मला पाहिजे होतं. बाकी काही मागणं नव्हतं.

मग ठरवलं, घरात रोज जे होतं ते चित्रात काढून दाखवायचं, कॉमिक्ससारखं. तरुणपणी बार्शीच्या स्टँडवर तसली पुस्तकं भाड्यानं मिळायची. गाडी चुकली तरी चालेल, पण पुस्तक संपवून उठायचो. चौकटी आखायच्या, माणसं काढायची, बोलणाऱ्याच्या तोंडापुढं फुगा. फुग्यात अक्षरं नाहीत, तिथंही चित्रच. सून म्हणाली गॅस संपला, तर फुग्यात सिलिंडर.

पहिलं पान बॉलपेननं काढलं. हिचे मोतीबिंदू काढलेले डोळे. तिनं कागद जवळ धरला, लांब धरला, उन्हात धरला आणि खाली ठेवून दिला. रेघ तिला दिसलीच नव्हती. तिला जाड आणि काळी रेघ पाहिजे होती, म्हणून तो ब्रशपेन.

तर टोक कापलेला पेन घेऊन घरी बसलो आणि सुनेचं तोंड काढायला घेतलं. गाल गोल येईना. पायऱ्या यायला लागल्या. हनुवटी काढली, तिलाही पायऱ्या. मी हबकलो. इतके मोर काढले, कमळं काढली, वेली काढल्या, आणि एक गाल येईना? मग ध्यानात आलं, मी जन्मात कधी रेघ ओढलीच नव्हती. मी चौकोन भरले होते. त्याला गोलाई यायची ती मागावर, कापडात.

सून मागून वाकून बघत होती. "मामा, ही मी हाय का जिना?"

"जिनाच हाय. चढ आणि वर जा," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी परत दुकानात गेलो. "तसलाच एक द्या. पाव्हण्यासाठी पाहिजे."

"पाव्हणं ब्लेड वापरत्यात का?" दुकानदार म्हणाला. पण त्यानं माणुसकीनं दोन पेन पुढं ठेवले. एकाला स्पंजाचं टोक होतं, ते दाबलं की बसायचं. दुसऱ्याला खरे केस होते, बारीक टेकवला तर दोऱ्यासारखी रेघ, दाबला तर बोटाएवढी. मी केसांचा घेतला. वहीच्या कागदावर शाई फुटत होती, म्हणून चित्रकलेचा जाड कागदही घेतला. रद्दी पेपरवर नुसते गाल काढत बसलो. हात थरथरतो, त्याला इलाज नाही. पण थरथरलेला गालसुद्धा पायरीपेक्षा बरा.

पानं झाली, ती दोऱ्यानं शिवली आणि दुपारी हिच्या मांडीवर ठेवली. पहिल्या पानावर मी होतो, दूधवाल्याशी भांडताना. तिनं बघितलं. भुवई हलली. ओळखलं होतं तिनं. मी आणखी जवळ सरकलो. मग तिनं पान उलटायला बोट जिभेला लावलं आणि कागदावर टेकवलं. ते नेमकं माझ्या तोंडावर. माझं तोंड, मिशी, फुगा, सगळं एका फराट्यात गेलं. तिनं परत बोट चाटलं.

"मामा, आत्तींचं तोंड बघा," सून म्हणाली.

ओठ काळे, जीभ काळी. हिनं बोटाकडं बघितलं, पदराला पुसलं, पुस्तक बाजूला ठेवलं आणि दाराकडं तोंड फिरवलं. आमच्या कारखान्यात चादर धुतली आणि रंग सुटला तर मालकाच्या आधी आम्ही माना खाली घालायचो. सोलापूरच्या मालाची शान म्हणजे पक्का रंग. आणि मी माझ्याच बायकोच्या हातात कच्चा रंग दिला होता.

संध्याकाळी दुकानात गेलो. "पक्का रंग दाखवा."

"वॉटरप्रूफ पाहिजे का? ही बाटली हाय. पण काका, ही पेनात भरू नका, आत वाळून बसंल. बुडवून वापरायची."

"घरी झोपाळ्यावर बसून काढतो मी, तिथं बाटली सांभाळू व्हय? पेनातच पाहिजे."

त्यानं खालच्या खणातून पेनात बसणाऱ्या शाईच्या कांड्या काढल्या. म्हणाला, ही शाई पाण्याला दाद देत नाही. मी म्हटलं, बघू की, आणि एक कांडी पेनात बसवली. एकेक रेघ ओढायची, बोट चाटायचं आणि घासायचं. पहिली पसरली. दुसरी पसरली. शाळेच्या वह्या घ्यायला आलेल्या बाया लेकरांना मागं ओढायला लागल्या.

"जरा वाळू तरी द्या," दुकानदार कपाळाला हात लावून म्हणाला.

तिसरी रेघ मी फुंकून वाळवली, मग बोट चाटून घासली. जागची हलली नाही. परत घासली. कागदाचा लगदा निघाला, पण रेघ काळीच. "ही द्या," म्हटलं. माझ्या जिभेचा रंग दुकानदारानं सांगितला नाही, तो सुनेनं सांगितला.

सगळी पानं नव्यानं काढली. वाळली का ते स्वतः बोट चाटून बघितलं आणि मगच हिच्या मांडीवर ठेवली. तिनं बोट चाटलं, पान उलटलं. रंग सुटला नाही. दुसरं उलटलं, तिसरं उलटलं. मी समोर पाटावर बसून होतो. शेवटच्या पानावर ती थांबली, मग परत पहिल्या पानावर आली आणि माझ्यावर बोट ठेवलं.

"हे तुमी."

किती महिन्यांनी तो आवाज ऐकला. फाटलेला आणि मोठा, कारण तिचा तिलाच ऐकू येत नाही. मी मान हलवली.

"ही सून. हा दूधवाला. सगळ्यांच्या तोंडाला हे फुगं हाईत." मग चौकटीच्या कोपऱ्यात दाराशी बसलेल्या बाईवर तिनं बोट आपटलं. "ही मी न्हवं? माझा फुगा कुटं हाय?"

मी माझ्या कानाला हात लावून दाखवला.

"कान गेल्यात माझं. तोंड हाय की."

मी पुस्तक तिच्या हातातून घेतलं. पानामागून पान बघितलं. प्रत्येक पानावर ती होती. पदर, कुंकू, नाकातली चमकी, सगळं बरोबर काढलं होतं. फुगा एकाही पानावर नव्हता. तिनं बोलावं म्हणून मी हे काढायला बसलो होतो, आणि तिच्या तोंडापुढं फुगा काढायचं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. कुणी मुस्काटात मारावी तसा मी बसलो.

"काढा," ती म्हणाली.

मी टोपण काढलं. ती सांगायला लागली. चहा रोज गार येतो. सुनेनं दाराला पडदा लावला, त्यानं रस्ता दिसत नाही. लेक माहेरी आली की सगळे हसतात आणि कशाला हसले ते कुणी सांगत नाही. "मी इचारायची की आदी. तुमी हात हलवून 'काय न्हाय, काय न्हाय' म्हनायचा. मग म्या कशाला इचारू?"

कप काढला, पडदा काढला. 'काय न्हाय' कसं काढायचं ते कळेना, म्हणून नुसता माझा हलणारा हात काढला. फुगा चौकटीत मावेना. मी चौकट मोडून तो शेजारच्या चौकटीत नेला. तिथं माझं तोंड होतं, ते फुग्याखाली गेलं. कांडी संपत आली तरी तिचं चालूच.

मग तिनं पान उलटायला बोट जिभेला लावलं. शाई ओली होती. थांब म्हटलं, ते तिला कुठलं ऐकू येणार? मी तिचं मनगट धरलं. शाई वाळेपर्यंत सोडलं नाही, आणि ती बोलत राहिली.